शिवलीलाताईचा हात

शिवलीलाताई गेल्याचं मला तिच्याच फोनवरून कळलं. स्क्रीनवर तिचं नाव पाहून मी "बोल ताई" म्हणाले... आणि पलीकडून तिचे वडील, लकव्याने जड झालेल्या जिभेने, म्हणाले, "पोरी, लीला गेली गं." सुट्टीत लातूरला गेली होती. तिथे डेंग्यू झाला. परत नांदेडला आलीच नाही.

नांदेडच्या आमच्या फार्मसी कॉलेजात ती मला सीनियर. पीएचडीचा विषय लकवाच. बेशुद्ध केलेल्या पांढऱ्या उंदराच्या मानेतल्या शिरेतून नायलॉनचा बारीक दोरा मेंदूकडे सरकवून रक्त अडवायचं, मग औषधाने मेंदू किती वाचतो ते पाहायचं. दोरा जरा जास्त गेला की शीर फुटते, उंदीर वाया जातो. गेला की दुसरा घ्यायचा, अशी रीतच होती. ताईला ती सोसत नसे. शिकाऊ मुलांना ती जिवंत उंदराला हात लावू देत नसे. दुसऱ्या प्रयोगांत मेलेले उंदीर मागून आणायची आणि त्यांच्यावर शिकवायची. मी इंग्रजी शाळेतून आलेली; घाबरून हात मागे घेतला की ती म्हणायची, "इंग्रजी मॅडम, मेलेला हाय तो, चावत न्हाई. आता शिकलीस तर जिता वाचंल." मला माणसांकडे बघून बोलायला जड जातं. तिच्याशी जमायचं, कारण दोघींची नजर हातांवर असायची.

एकदा तिच्या लातूरच्या घरी गेले होते. ती वडिलांना, अप्पांना, धपाटं कुस्करून भरवत होती. त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. त्यांनी विचारलं, "माझ्या दुखण्यापायी किती जीव घेणार हाइस गं?"

"कमी करायलेय की अप्पा."

"अन् बंद?"

"अजून न्हाई जमत..." मग तिने पुढचा घास कुस्करला.

म्हणूनच तिने आपल्या प्रयोगाला नेहमीपेक्षा कमी उंदीर मागितले होते. सगळे एकाच सरावलेल्या हाताने केले तर तेवढे पुरतात, हे तिला दाखवायचं होतं. प्रयोग निम्म्यावर आला होता.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली. चुलत्यांनी अप्पांचा उजवा हात उचलला, त्यात माती ठेवली. बोटं मिटेनात, माती सगळी गळून गेली. मग अप्पांनी डाव्या हाताने पुन्हा माती उचलली.

कॉलेजात परतल्यावर ताईचे गाईड सर म्हणाले, "हात बदलला की प्रयोग बदलतो. सगळं नव्याने करावं लागेल." म्हणजे आधीचे सगळे उंदीर फुकट मेले, आणि वर पुन्हा तितकेच. मी मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी म्हणाले, "सर, आधी माझा हात तपासा."

सर तयार झाले आणि उरलेले उंदीर मी केले. ताईच्या आणि माझ्या उंदरांच्या मेंदूच्या कापांचे फोटो, कुणी केलंय ते झाकून, दुसऱ्या विभागातल्या मॅडमना दिले. त्यांनी प्रत्येकातला मेलेला भाग मोजला, फोटो उलटसुलट लावून पाहिले आणि म्हणाल्या, "दोघींचे वेगळे काढता येत नाहीत." नवा एकही उंदीर लागणार नव्हता. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

ताईला हेच हवं होतं. मी ते फोटो, नावं झाकलेलेच, तिच्या टेबलावर मांडले आणि यातले तिचे कोणते ते शोधत बसले... निदान मला तरी कळायला हवं होतं.