माझ्या डबीवर तिचं नाव

मेल्या माणसाचं वाईट बोलू न्हाई म्हणतात. ज्यांनी सत्तावीस वर्सं तिच्या हाताखाली काढली न्हाईत, त्यांनी बोलू न्हाई. मला हक्क हाय.

आमची सासू सोजराबाई. माहेर राजेश्वरचं, तोंड लवंगी मिरचीचं. शिवी कानडीत सुरू करायची, मराठीत रंगात यायची आन् ‘चल निकल’ म्हणून संपवायची. ऐतवारी मटण शिजलं की काळीज तिच्या ताटात, बोट्या लेकाच्या ताटात आन् मला तपेलीच्या तळाचा रस्सा. सगळा गाव तिला भ्यायचा. ती भ्यायची फक्त डॉक्टरला. सासरा दवाखान्यात आपल्या पायानं चालत गेला व्हता आन् गाडीत आडवा परत आला, तवापासनं तिच्या डोस्क्यात बसलं की डॉक्टर धडक्या माणसालाबी कापतो.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिला चकरा याय लागल्या. तोंड पांढरं पडलं. आमचे मालक किशनराव, म्हणजे तिचा एकुलता एक लेक, तिला भालकीला चन्नबसप्पा डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरनं मलमाच्या तीन रिकाम्या डब्या दिल्या. प्रत्येकीवर कागद चिकटवलेला, कागदावर तिचं नाव. म्हणले, “मटण, मुळा, बीट तीन दिवस बंद. मग वळीनं तीन सकाळी परसाकडंला पानावर बसायचं, काडीनं जरासं उचलून डबीत घालायचं. आम्ही त्यावर औषध टाकतो. निळं झालं तर रक्त हाय. डोळ्याला दिसत न्हाई तसलंबी घावतंय. आतड्यात गाठ आसंल तर लवकर कळलेलं बरं.”

गाठ म्हणल्यावर म्हातारीची दातखीळ बसली.

चवथ्या दिवशी पहाटं मी धार काढायलेते. ती गोठ्यात आली आन् डबी माझ्या हातात कोंबली.

“हे तू भर.”

“मी? कामून?”

“तू धडधाकट हाईस. तुझं चांगलं निघंल, मग कुणी मला हात लावत न्हाई.”

“आत्याबाई, डॉक्टरनं मटण बंद—”

“तुला कवा मिळतंय मटण?” असं म्हणली. तोंडावर म्हणली! बया बया बया. तिला म्हाईत व्हतं म्हणजे.

मी न्हाई म्हणणार हे तिनं वळखलं. मनगट धरून वढत घरात नेलं. आमची लेक इंदिरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली व्हती, आठवा सुरू व्हता, आजून झोपेत व्हती. म्हातारीनं माझा हात तिच्या पोटावर ठिवला. “म्हण, शपथ. कुणाला सांगितलंस तर हिच्या पोटाला लागंल.” स्वतःच्या नातीच्या पोटाची शपथ! माझ्या हाताखाली लेकरू हाललं. म्या शपथ घेतली आन् तिन्ही दिवस डब्या भरून दिल्या.

बाजारच्या दिवशी मालक भालकीहून परत आले ते पडलेल्या तोंडानं. “आई, तिन्ही डब्या निळ्या झाल्या.”

म्हातारी मटकन खाली बसली. एकदाच माझ्याकडं बघितलं, आन् नजर वळवली. तिला कळलं, मलाबी कळलं. पाण्याची घागर उचलली की छाती धपापायची, त्याला मी वय झालं म्हणत व्हते.

आता तरी म्हातारीनं तोंड उघडावं का न्हाई? उघडलं न्हाई. उलट मोठ्यानं रडाय लागली, “माझं कसं व्हायचं रं किशन.” जीप ठरवून तिला सोलापूरला नेलं. आठ दिवस ठिवून घेतलं, नळी घातली, फोटो काढले. ज्या डॉक्टरला यमासारखं भ्यायची, त्याच्या म्होरं उघडी होऊन पडली, पर लेकाच्या म्होरं लबाड ठरायला तयार झाली न्हाई. इतकी मिजास!

तिकडं निघाले मूळव्याधीचे दोन मोड. रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या. डॉक्टर म्हणले, ती डबीची तपासणी कवा कवा चुकतीबी. म्हातारीनं घरी येऊन गावभर साखर वाटली. मला एक चिमूट दिली आन् म्हणली, “खा, तोंड गोड कर.”

साखर तोंडातच घोळत राहिली. मालक बाहीर गेले तसं तिला म्हणलं, “आत्याबाई, शपथ सुटली म्हणा. मलाबी डॉक्टरला दाखवू द्या.”

“बाळंतपण होऊ दे. पहिलटकरीण हाय, आताच धसका देतीस व्हय तिला?”

“तवर मी मेले तर?”

“तू मरतीस? म्हशीला दावं धरून वढतीस की.”

मग मालकाच्या मागं लागले. भालकीला न्या म्हणलं. तर ते दात काढाय लागले. “आईचं बघून तुलाबी हौस आली का?” म्हणले. इतक्या वर्सांत ह्या माणसाला म्या कवा काय मागितलं? त्या दिवशी वाटलं, मायलेकाला चुलीत घालावं. पर शपथ माझ्या लेकीच्या पोटावर बसलेली. रोज इंदिराकडं बघायची आन् जीभ चावायची. पंधरा दिवस असं काढलं.

एका दुपारी चौकटीतच मला अंधारी आली आन् घागर फुटली. सावध झाले तर म्हातारी वर उभी, घागरीवरून शिव्या देत. मग माझा तोल गेला. म्या तिचा पदरच धरला. “म्हणा सुटली! ती डबी माझी व्हती, तुम्हाला म्हाईत हाय! म्हणा!”

“काय सुटायचंय आजी?” मागं इंदिरा, पोट धरून उभी. तिच्यामागं मालक.

म्हातारीनं पदर हिसकून घेतला. मला बोलायची चोरी. इंदिरा खुळी न्हाई. म्या तिच्या पोटाकडं बघितलेलं तिनं वळखलं. “माझ्या पोटाची शपथ घातली का हिला?” मग ती खाली बसली, माझा हात घेऊन पोटावर ठिवला आन् म्हणली, “पोट माझं हाय, लेकरू माझं हाय. मी म्हणते, सुटली. बोल आई.”

म्या सगळं सांगितलं. गोठा, डबी, निळं, सगळं.

“आई, खरं हाय?” मालकानं विचारलं.

“खोटं बोलायलीय,” म्हातारी म्हणली. डोळ्याची पापणीबी लवली न्हाई.

मालकानं पायात चपला घातल्या आन् जीप सांगाय गेले.

सोलापूरला माझं आतडं वीतभर कापलं. गाठ निघाली, ती वाईट जातीचीच. तिथला डॉक्टर म्हणला, “आजून बाहीर पसरली न्हाई. वर्सभरानं आला आसतात तर मला हात लावता आला नसता. ही तपासणी कुणी करवली?” मालकानं मान खाली घातली.

पंचवीस दिवसांनी घरी आले. इंदिराला पोरगी झाली व्हती, दोघी खुशाल. अंगणात आळीतल्या बाया जमल्या व्हत्या आन् मधी सोजराबाई मांडीवर इंदिराची पोरगी घेऊन बसलेली.

“सुनेचा चेहरा बघूनच म्या वळखलं व्हतं,” बायांना सांगत व्हती. “म्हणूनच माझ्या नावाची डबी तिच्याकडून भरून घेतली. न्हाईतर आज ही दिसली नसती तुम्हाला.”

“लेकीगत जपलंस ग सोजराक्का,” एक म्हणली. बाकीच्यांनी माना डोलवल्या.

टाके आजून वले व्हते, न्हाईतर म्या पायातली चप्पल काढली आसती. मग ती बाई माझ्याकडं वळली. “व्हय ग विमल? डबी सासूनं भरून घेतली म्हणूनच वाचलीस?”

म्हातारी माझ्याकडं बघत व्हती. मी त्या बाईच्या बोलण्यात लई येळ खोटं धुंडलं. घावलं न्हाई.

“व्हय,” म्या म्हणलं, आन् ते एक ‘व्हय’ मला त्या वीतभर आतड्याहून महाग पडलं.