न लावलेली पैज

एर्लीन क्वेव्हसच्या आणि माझ्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. बिलॉक्सी या खाडीकाठच्या गावात रेल्वे रुळांच्या अलीकडे आमचं केस कापायचं दुकान होतं, दुकान तिचं आणि हात आम्हा दोघींचे. तिचा नवरा अल्सिड कोळंबीच्या बोटीवर असतानाच छातीत कळ येऊन गेला. ‘मिस ओडील’ ही बोट त्याची आणि त्याच्या धाकट्या भावाची, डेल्मसची, मिळून होती. दफनाच्या दिवशी डेल्मस सगळ्यांसमोर म्हणाला होता, “वहिनी, बोट मी चालवतो, पण अर्धी तुझीच.” पहिल्या हंगामात तो कोळंबीच्या पिशव्या घेऊन दारात यायचा. दुसऱ्या हंगामात पिशवी लहान झाली. तिसऱ्या हंगामापासून नुसताच हसरा चेहरा घेऊन यायला लागला.

एर्लीन त्याला काही बोलली नाही. डेल्मस दहा वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून तो हिच्याच हातचं जेवला होता. बोलायचं ते तिने गिळलं. फार तर कात्री जरा जोरात चालायची.

गुरुवारी दुकान बंद. मग आम्ही तिघं, ती, मी आणि डेल्मस, दुपारी खाडीवरच्या कॅसिनोत जायचो. तिथे पाच पत्त्यांच्या पोकरचं एक टेबल होतं. तुमचे पत्ते विरुद्ध वाटणाऱ्या बाईचे पत्ते, बस. आपले वाईट आले तर टाकून द्यायचे, चांगले आले तर रक्कम वाढवायची. शिवाय प्रत्येक खुर्चीसमोर टेबलात एक खाच होती. वाटप व्हायच्या आधी त्या खाचेत एक डॉलरची चकती सोडली की लाल दिवा लागायचा. ही बाजूची पैज. मुख्य डावाशी तिचा संबंध नाही. समोरची हरो की जिंको, तुमच्या हातात मोठी पानं आली की वरच्या फलकावर चढत जाणाऱ्या आकड्यातला वाटा तुमचा. आणि एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी आले, तर अख्खा फलक.

एर्लीन प्रत्येक डावाला चकती सोडायची. डेल्मस तिला हसायचा.

“वहिनी, त्या भोकात टाकण्यापेक्षा समुद्रात टाक. निदान मासे तरी खेळतील.”

“माझी चकती, माझं भोक,” एर्लीन म्हणायची. “तुला कुणी सांगितलंय लावायला?”

त्या वसंतात ती पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. डाव्या हाताने खेळणं तिला जमेना, चकत्या सांडायच्या. मग डेल्मस शेजारी बसून तिच्या वतीने चकत्या मांडायला लागला. ती पत्ते बघायची, खूण करायची, तो मांडायचा. मी तिच्या पलीकडे बसायचे. तिचं प्लास्टर टेबलाच्या काठावर असं आडवं पडलेलं असायचं की तिचा दिवा ना तिला दिसायचा, ना मला.

आणि त्याच दिवसांत एका गुरुवारी ते घडलं. तिने डाव्या हाताने पत्ते एकेक करून सरकवले. बदाम दश्शी. बदाम राजा. बदाम गुलाम. बदाम एक्का. शेवटचं पान तिने उघडलं. बदाम राणी.

टेबलावर एकच ओरडा झाला. पलीकडचा अनोळखी म्हातारा उठून माझ्याच गळ्यात पडला. वाटणाऱ्या बाईने आपले पत्ते उघडले तर एक्का-राजाही नाही, नुसता कचरा. समोरच्या बाईकडे एवढंही नसेल तर वाढवलेली रक्कम जशीच्या तशी परत मिळते, जिंकतो तो फक्त सुरुवातीचा डाव. म्हणजे त्या पानांवर एर्लीनला मुख्य डावात मिळाली एक चिल्लर चकती. पण तिकडे कोण बघतंय! सगळ्यांच्या माना वर, फलकाकडे.

वाटणाऱ्या बाईची मान मात्र खाली होती. ती हळूच म्हणाली, “मॅडम, जरा हात उचलता?”

एर्लीनने प्लास्टर उचललं. दिवा विझलेला होता.

देखरेखीवरचा माणूस आला. कॅमेऱ्यातलं बघून परत आला आणि अदबीने म्हणाला, “बाजूची पैज ऐच्छिक असते, मॅडम. या डावाला लावलेली नाही.” मग डेल्मसकडे बघून पुढे म्हणाला, “आजच्या कुठल्याच डावाला लावलेली नाही.”

एर्लीन दिराकडे वळली. “खिसा दाखव.”

“वहिनी, ऐक तर...”

“खिसा.”

त्याने शर्टाच्या खिशातून मूठ बाहेर काढली. तिच्याच चकत्या. काही त्याने आपल्या डावाला वापरून संपवल्याही होत्या.

“तुझेच वाचवत होतो,” तो म्हणाला. “फुकट जातात ते. देवाशपथ.”

मला वाटलं, आता ही प्लास्टर त्याच्या डोक्यात घालते. पण ती उभी राहिली, झोळी नीट केली आणि म्हणाली, “चल ट्रूडी, भूक लागलीय.”

बाहेर येऊन तिने तळलेल्या शिंपल्यांचं सँडविच मागवलं आणि शेवटच्या घासापर्यंत शांतपणे खाल्लं. मी रडत होते, ती नाही.

“पोलिसांत जा,” मी म्हटलं.

“कशाला? चार चकत्यांच्या चोरीला?” तिने बोटं पुसली. “त्याने अल्सिडची बोट खाल्ली, मी गप्प बसले. आता माझं नशीब खाल्लं. मी त्याला खेळायला शिकवणार आहे.”

“तो तर खेळतोच.”

“तो मुख्य डाव खेळतो. तिथे माणूस विचार करतो गं, वाईट पानं टाकून देतो. बाजूच्या पैजेत टाकून द्यायची सोयच नाही. एकदा सोडली की गेली. म्हणून तर कॅसिनो तिथे जास्त कापतो. मला का माहीत नव्हतं? मी माझी गुरुवारची मौज म्हणून लावायचे, तेवढीच. पण तो? लावून हरलं तर माणूस विसरतो. न लावता पानं आली, तर काय होतं ते त्याने डोळ्यांनी बघितलंय. आता त्याला झोप यायची नाही.”

पुढच्या गुरुवारी तिने स्वतः त्याला फोन केला. “झालं गेलं, अरे. ये. तुझ्याशिवाय टेबल सुनं लागतं.”

डेल्मसला वाटलं सुटलो. तो आला, फुलं घेऊन. एर्लीनने फुलं घेतली, त्याच्या गालावर ओठ टेकले आणि त्याच्या शेजारी बसली. वाटप सुरू व्हायच्या आधी ती त्याच्याकडे वाकून म्हणाली, “लाव किंवा लावू नकोस, तुझी मर्जी. सक्ती नाही. फक्त माझ्यासारखं होऊ नये एवढंच.”

त्याचा हात खिशात गेला, बाहेर आला, परत गेला. दिवा लागला.

ती दर डावाला काही बोलायची नाही. मधूनच, तो हात आखडता घ्यायला लागला की, “आज नको लावूस हवं तर. आजच येईल बघ.” झालं, दिवा लागायचा. तिची स्वतःची खाच अंधारी होती. त्याने विचारलं, “वहिनी, तू का लावत नाहीस?”

“माझं नशीब एकदा येऊन गेलं रे. आता तुझी पाळी.”

मग एका दुपारी त्याला पाचही चौकटची पानं आली आणि बाजूच्या पैजेने त्याला बऱ्यापैकी दिलं. सगळ्यांत जोरात टाळ्या एर्लीनने वाजवल्या. मी तिच्याकडे बघत होते. असं हसताना मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि परत बघायचं नव्हतं.

त्यानंतर त्याला गुरुवार पुरेना. बोट धक्क्याला बांधून तो भर हंगामात कॅसिनोत जायला लागला. शेजारी तीन पत्त्यांचं नवं टेबल आलं होतं, तिथे तर बाजूच्या पैजेचा वेगळा गोल आखलेला होता, नुसती जोडी आली तरी पैसे. एर्लीननेच त्याला हाताला धरून नेलं. “बघ, इथे लवकर लवकर लागतं.” लवकर लवकर लागायचं खरं, पण थोडं थोडं, आणि त्याहून लवकर जायचं. पुढे पुढे तो मुख्य डावावर कमी आणि त्या गोलावर जास्त मांडायला लागला.

“एर्लीन, पुरे आता,” मी एकदा म्हटलं.

“मी काय केलं? मी त्याच्या खिशात हात घातला?”

हिवाळ्यात डेल्मसची बायको नोला दुकानात आली. एर्लीनने तिला खुर्चीत बसवलं, केस ओले केले, रोलर लावायला घेतले.

“जाऊबाई, त्यांना आवरा,” नोला आरशातून म्हणाली. “तुमचं ऐकतील. घरावर कर्ज काढायचं म्हणतायत.”

“ऐच्छिक असतं गं ते,” एर्लीन म्हणाली. “मला तिथल्या माणसाने नीट समजावून सांगितलंय.”

“त्यांनी तुमचं वाईट केलं, मला मान्य. पण माझं काय चुकलं?”

एर्लीनचा हात थांबला. मग एर्लीनने पुढचा रोलर उचलला. “मान खाली घे,” ती म्हणाली.

बोट वसंताच्या आत विकली गेली, बायू ला बात्र गावच्या एका माणसाला; कागदावर नाव डेल्मसचंच होतं. ‘मिस ओडील’ हे नाव खरवडायला रंगारी येणार म्हणून कळलं, तेव्हा एर्लीनने दुकान बंद केलं, चर्चला जायचा निळा पोशाख घातला आणि मला घेऊन धक्क्यावर गेली. डेल्मस एका पिंपावर बसला होता. दाढी वाढलेली.

“वहिनी,” तो म्हणाला, “अल्सिडची बोट होती ती.”

“आता आठवलं?”

त्याने तोंड फिरवलं. रंगाऱ्याने शेवटचं अक्षर काढेपर्यंत ती ताठ उभी होती. घरी येताना गाडीत तिने रेडिओ लावला आणि त्याच्याबरोबर गुणगुणलीसुद्धा.

डेल्मस टेक्सासला निघून गेला, पोर्ट आर्थरला, दुसऱ्याच्या बोटीवर मजूर म्हणून. नोला तेवढी मागे राहिली. ती केस कापायला दुसरीकडे जायला लागली.

वर्षभराने नोला अचानक आमच्या दारात उभी. बसली नाही. चेहरा मात्र टवटवीत होता.

“सांगायला आले,” ती म्हणाली. “मी जातेय त्यांच्याकडे. तिथे गावात टेबलंच नाहीत. सुटलं त्यांचं. जाडही झालेत जरा. म्हणतात, ती बोट गेली तेच बरं झालं, डोक्यावरचं ओझं उतरलं. तुम्हाला नमस्कार सांगितलाय. म्हणाले, वहिनीवर माझा राग नाही.”

“राग नाही?” एर्लीन म्हणाली. “त्याचा? माझ्यावर?”

“नाही. रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेतात.”

नोला गेली. एर्लीनने हातातला कंगवा ठेवला, परत उचलला. खुर्चीत मिसेस सॉसियर ओल्या केसांनी ताटकळत होती, एर्लीनला तिचं भानच नव्हतं. चेहरा लाल, कानाची पाळीसुद्धा लाल. कॅसिनोतून आम्ही बाहेर पडलो होतो त्या दिवशीही ती इतकी चिडलेली मी पाहिली नव्हती.

माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “ट्रूडी, लेक चार्ल्सला मोठमोठे कॅसिनो आहेत ना गं?”

“आहेत. का?”

“पोर्ट आर्थरपासून किती लांब आहे ते?”