भूषणचं पोलिश आणि माझं जर्मन

कारखान्यातला माल रोज ट्रक भरून बाहेर जातो, किस्से मात्र इथेच साचतात. जळगावच्या आमच्या चटई कारखान्यात एक्स्पोर्टच्या टेबलावर आम्ही दोघंच : मी आणि धुळ्याचा भूषण. मी पुण्यात सहा वर्षं जर्मन शिकले, पण जर्मनी अजून पाहिलेली नाही. भूषण मोबाईलवर पोलिश शिकला. फुकटात! यंदा शेठजी आमच्यातल्या एकालाच जर्मनीतल्या प्रदर्शनाला पाठवणार होते. सांगूनच टाकते, मी त्या पोरावर जळते.

*

एकदा फळ्यावर इंग्रजीत 'लिस्ट' लिहिलेलं होतं. पॅकिंगची. मी चहा पिता पिता म्हटलं, "हेच स्पेलिंग जर्मनमध्ये म्हणजे धूर्तपणा!"

"वा, मॅडम!" सगळे म्हणाले. जरा बरं वाटलं.

भूषणने फाइलमधून मान वर केली. "पोलिशमध्ये पत्र, ताई. आणि चेक लोकांकडे झाडाचं पान."

आता त्याची 'वा वा' सुरू! गोदाम सांभाळणारे नाना तर हातातली सुतळी सोडून आले. "एकच शब्द नि इतला अर्थ? मंग त्या लोके भांडतस कोनती भाषामां?"

माझा चहा गार झाला.

*

पुढचा अख्खा रविवार मी डिक्शनऱ्या घेऊन बसले. स्वयंपाक नवऱ्यावर सोडला. शेवटी भूषणला चकवणारा शब्द सापडला! 'रोक', डच भाषेत स्कर्ट. सोमवारी गेल्या गेल्या जाहीर केलं.

"पोलिशमध्ये वर्ष!" भूषण खूश. "ताई, तुमच्यामुळे आज डचसुद्धा कळलं!"

इतक्या मनापासून म्हणाला, की भांडायचीही सोय राहिली नाही. आदल्या दिवशीची करपलेली खिचडी मी उगाचच खाल्ली होती.

*

भूषण दर सोमवारी धुळ्याहून एसटीने येतो. कानात इअरफोन, डोळे मिटलेले, तोंडाने पोलिश. एरंडोलला शेजारी बसलेल्या आजींना वाटलं, पोरगा जप करतोय. त्यांनी खिडकीची जागा दिली, वर पद्मालयाच्या गणपतीचा पेढा!

त्यातला अर्धा त्याने माझ्यासाठी आणला. सहा वर्षांच्या जर्मनने मला कधी खिडकीसुद्धा मिळवून दिली नव्हती. पेढा खाल्ला मी, पण गोड लागला नाही.

*

थंडीत शेठजी परदेशी गिऱ्हाइकांना शेतावर भरीत पार्टीला नेतात. त्यांचा एक पक्का नियम आहे. पाहुण्याने दुसऱ्यांदा भरीत मागितलं, की ऑर्डर आलीच! यंदा त्याला पुढचं शेपूट जोडलं, "आणि ज्याने वाढलेलं मागितलं, तो जर्मनीला!"

माझे जर्मन पाहुणे आयत्या वेळी आलेच नाहीत. भूषणच्या पोलंडच्या इवा मॅडम मात्र हजर. दोघं शेकोटीपाशी असे खिदळत होते, जशी काही शाळेपासूनची ओळख! मी लांबून पुऱ्या मोजत बसले.

भूषण तिच्यासाठी पाणी आणायला गेला, आणि माझ्या मनात पाप आलं. नानांसाठी दुप्पट मिरचीचं भरीत वेगळं काढलेलं होतं. मी त्यातलं दोन डाव उचललं, आणि गोड हसून तिच्या पानात वाढलं.

पहिल्याच घासाला बाई लालबुंद! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. शेठजी उभेच राहिले. नाना मठ्ठा घेऊन धावले. तिने दोन ग्लास घटाघट रिकामे केले, रुमालाने तोंड पुसलं आणि इंग्रजीत विचारलं, "हे कोणी वाढलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी पुन्हा पुऱ्या मोजायला लागले.

ती पान हातात घेऊन सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मोअर!"

शेठजींनी मांडीवर थाप मारली. "नियम म्हणजे नियम! मॅडम, जर्मनीची बॅग भरा!"

सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या भूषणने. पाण्याचा तांब्या खाली ठेवून.

"ताई," तो म्हणाला, "तुमना हातले चव शे!"