अर्थाला पाणी

पुंडलिक मिस्त्री रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी बादलीभर पाणी घेऊन शेडच्या मागे जायचा आणि नुसत्या जमिनीवर ओतायचा. तिथे झाड नव्हते, रोप नव्हते, गवताची काडीसुद्धा नव्हती. विटांनी आखलेली, मिठाने पांढरी पडलेली हातभर जागा, बस्स. पाणी ओतले की तो तिथेच उकिडवा बसून ते जिरताना पाहायचा, लेकराला दूध पिताना पाहावे तसा. मी त्याला पहिल्यांदा पाहिले ते असे. मनात म्हटले, शेठजींनी नवीन मशीन आणली ती आणली, सोबत एक खुळाही आणला.

"काय पेरलं बाप्पा?" मी विचारले.

"अर्थ," तो मान वर न करता म्हणाला.

"मंग, उगवते काय?"

"उगवत न्हाई काई. पन या पान्यानं कोनी मरत न्हाई. सरक तिकडं, पाय नको देऊ."

पहिल्या भेटीत मला 'सरक' म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची ही गोष्ट. अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसमध्ये मी लोहार होतो. शाळेत फार टिकलो नाही, पण लोखंड मला वाचता येते. बाहेर मोठी लढाई चालू होती आणि विलायतेहून येणारे सुटे भाग बंद झाले होते. मोडले ते जोडून वापरा, असे दिवस. म्हणून शेठजींनी विजेची वेल्डिंग मशीन घेतली, आणि ती चालवायला अमरावतीचा पुंडलिक ठेवला. मला राग आला, हे कशाला लपवू? माझ्या बापाने भट्टीत लाल करून, ठोकून केलेले सांधे आजही वऱ्हाडातल्या गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावांत आहेत. ठोकून केलेल्या सांध्याची बरोबरी कशालाच नाही, हे माझे मत तेव्हाही होते आणि आताही आहे.

पुंडलिक जातीचा माळी. घरचा मळा, विहीर, झेंडू-शेवंतीचे वाफे. भाऊ मळा पाहायचा. हा मात्र लहानपणापासून पंपाच्या इंजिनाशी खेळत खेळत या धंद्यात शिरला. पण माळीपण गेले नव्हते. अंगावरचा चामड्याचा एप्रन आणि कोपरापर्यंतचे हातमोजे त्याने घरच्या जुन्या मोटेचे चामडे कापून शिवले होते. "माह्या बापानं या मोटेनं विहीर उपसली, मी आग उपसून राहिलो," असे ऐटीत सांगायचा. मिशीची डावी बाजू ठिणग्यांनी कायमची आखूड. तरी उजव्या बाजूला पीळ द्यायचा तो द्यायचाच.

मशीन कुठे ठेवायची यावरून त्याने आल्या आल्याच भांडण केले. शेठजींचे म्हणणे, कारखान्यात सरकी काढायच्या रेच्यांजवळ ठेवा, नेआण वाचेल. पुंडलिक म्हणाला, "शेठजी, कापूस अन् ठिनगी, यायचं लगीन मी लावत न्हाई. वरात काढायले गाव उरनार न्हाई." मग कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला वेगळी शेड बांधली. चारी बाजूंनी वारा खेळता, म्हणजे धूर कोंडत नाही. खाली पाऊसपाणी येऊ नये म्हणून ओटा. तो उभा राहायचा तिथे कोरडी सागवानी फळी, आणि त्या फळीवर ओल्या पायाने कोणी चढला की शिव्या. हाताशी वाळूच्या बादल्या. सकाळी केबल हातातून सरकवत पाहायचा. "सापाची कात फाटली तं साप बाहेर येते," म्हणायचा, आणि जिथे रबर चिरले असेल तिथे आधी बांधायचा, मग चहा.

सरकीची धूळ मशीनच्या मोटरच्या पोटात जाऊन बसते. ती काढायला त्याला माझा भाता लागायचा. दर आठवड्याला दारात हजर. "लोहारदादा, तुया भात्याले आज पुण्य कमवायचं आहे." मी म्हणायचो, माझा भाता आगीसाठी आहे, झाडूपोछ्यासाठी नाही. तो म्हणायचा, "आग तं कोनी बी फुंकते. धूळ फुंकून दाखव." मी फुंकून दाखवायचो.

आता त्याची युक्ती सांगतो. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला की रात्री डोळ्यांत वाळू पडल्यासारखे होते, माणूस तळमळतो. पण आपल्या लोकांना पाहू नका म्हटले की ते पाहायला जमतात. कपाशीच्या गाड्या घेऊन आलेले दर्यापूरकडचे गाडीवान तर बैल सोडून यायचे. पुंडलिकने समजावले, हात जोडले, काही उपयोग नाही. मग एक दिवस त्याने काळी काच डोळ्यांवर घेतली आणि जोरात हाळी दिली, "गरान लागलं होऽ!"

ग्रहण म्हणताच सगळ्यांनी पाठी फिरवल्या! सरकी निवडायला बसलेल्या बायांनी तर पदर तोंडावर घेतले, त्यात एक गरोदर होती, ती उठून थेट वडाखाली जाऊन बसली. काम झाले की तो ओरडायचा, "गरान सुटलं!" आणि गाडीवान तिकडून, "दे दान, सुटे गिरान!" पुढे पुढे कारखान्यात ही रीतच पडली. मी एकदा म्हटले, "खोटं बोलतोस लेका, सूर्य तं डोक्यावर आहे." तो म्हणाला, "माह्या हातात जो आहे तो लहान सूर्य काय? अन् डोये वाचले ना त्यायचे?"

आणि तो अर्थ. हा विलायती शब्द, इंग्रजीत त्याचा अर्थ जमीन, पण आम्हाला त्याचा उच्चार घरचाच वाटायचा. मशीनच्या लोखंडी सांगाड्याला एक तार जोडलेली, ती शेडमागे खड्ड्यात पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला. पत्र्याभोवती कोळसा आणि मीठ. वीज चुकून सांगाड्यात उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पण माती ओली हवी. आपली काळी माती, वाळली की भेगाळते आणि पत्र्याचा हात सोडते. म्हणून रोजचे पाणी. हे मला आज सांगता येते, कारण त्याने मला ते इतक्या वेळा ऐकवले की झोपेत सांगेन. बाकीच्यांना तो एवढेच बजावायचा, "अठी अर्थ पुरला आहे. पाय देऊ नका."

घोटाळा इथेच झाला.

त्या वर्षी नवरात्रात मारुतीच्या देवळात कीर्तन होते. बुवांनी धर्म, अर्थ, काम, मोक्ष असे चारही फोड करून सांगितले. अर्थ म्हणजे द्रव्य, म्हणाले, धन. कारखान्याचा चौकीदार सोनाजी पुढेच बसला होता.

दसऱ्याला पुंडलिक घरी अमरावतीला गेला. झेंडूचा बाजार, भावाला मदत हवी. जाताना बजावून गेला, मशीनला हार घाला, कुंकू लावा, पण नारळ दूर फोडा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या हंगामाचा मुहूर्त होता, पण प्रेसच्या एका लोखंडी दांड्याला तडा गेलेला. तो जोडल्याशिवाय प्रेस दाबायची नाही. पुंडलिक सकाळच्या गाडीने उतरला तो झेंडूच्या माळा खांद्यावर घेऊन सरळ शेडकडे आला. आम्ही तयारच होतो. शेठजी नवे धोतर नेसून घड्याळ पाहत उभे, भटजी शेजारी, बाहेर गाड्यांची रांग. दांडा टेबलावर पक्का आवळलेला. मशीनच्या अंगावर लोखंडी चाक होते, ते फिरवून ताकद कमी-जास्त करायची, ते काम माझ्याकडे असायचे. मी अनवाणी, चाकावर हात ठेवून उभा. ठिणग्यांसाठी खाली सडा मारलेला, जमीन ओलीच होती.

"चालू कर रे," मी म्हणालो. "मुहूर्त जाऊन राहिला."

"आधी पानी," म्हणत तो बादली घेऊन मागे गेला.

मागून त्याचा आवाज आला तो वेगळाच होता. "लोहारदादा, हात काढ! चाकाचा हात काढ! कोनी मशीनले शिवू नका!"

आम्ही मागे गेलो. विटांच्या मधोमध एक लिंबू, हळद-कुंकू. पुंडलिक जमिनीकडे बोट दाखवत होता. "पानी पाहा. रोज चहासारखं घोट घोट पिते. आज बुडबुड करून गपकन गिळलं. माती हलवली कोनी तरी."

"अरे, उंदरानं उकरलं असेल," मी म्हटले.

"उंदीर लिंबू ठेवते काय?"

शेठजी म्हणाले, "मिस्त्री, बाद में देखो ना. दोन मिनटाचं काम आहे. मुहूर्त टळला तर साल खराब."

"साल खराब चालते शेठजी," पुंडलिक म्हणाला, "मानूस खराब झाला तं दुरुस्त करायची मशीन माह्याजवळ न्हाई. मी चालू करत न्हाई. दुसरा पाहा."

नोकरी तिथेच जाते की काय असे वाटले. शेठजींचे तोंड लाल झाले. तेव्हा गर्दीतून सोनाजी रडत पुढे आला आणि त्याने पुंडलिकचे पायच धरले.

"मिस्त्रीभाऊ, मी खांदलं. पन माह्या नशिबात नव्हतं. सारे कोयसे झाले!"

"काय?"

"धनाचे कोयसे झाले ना! कोयसे अन् मीठ! एक ताम्रपट निघाला, पन त्यावर अक्षर न्हाई. ओढला तं तार तुटली. मंग मी भेलो, नाग-गिग असंन, लिंबू ठेवलं अन् लोटून देल्लं."

क्षणभर कोणाला काही कळेना. आपल्याकडे म्हण आहेच, नशिबात नसलेले धन हाती आले की त्याचे कोळसे होतात. भटजींनी 'अर्थ' शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि तेच आधी फुटले. मग सगळेच. शेठजी नवे धोतर विसरून ओट्यावर बसून हसले. सोनाजी रडता रडता आमच्याकडे पाहत राहिला.

पुंडलिक हसला नाही. त्याने एका दिव्याच्या बल्बला दोन तारा जोडल्या, एक जमिनीत गेलेल्या पंपाच्या पाइपाला, एक मशीनच्या सांगाड्याला. सगळ्यांना लांब केले, फळीवर उभा राहिला आणि कोरड्या काठीने खटका ओढला.

बल्ब लखकन पेटला.

हसू थांबले. त्याने खटका बंद केला, मोटरच्या बाजूची डबी उघडली. आत नारळाचे पाणी आणि कुंकवाचा चिखल. दसऱ्याच्या उत्साहात कोणीतरी नारळ मशीनवरच फोडला होता. वीज सांगाड्यात उतरली होती, आणि जमिनीकडे जाणारी वाट सोनाजीने तोडली होती. उरली वाट कोणाची? अनवाणी, ओल्या जमिनीवर, चाकावर हात ठेवलेल्या माणसाची.

शेठजींनी हळूच विचारले, "मिस्त्री, हा दिवा कशाचा?"

"लोहारदादाच्या नावाचा," तो म्हणाला. "हा मेला असता तं घरी पिठावर लावला असता, तो अठीच लागला."

भटजींनी तिथल्या तिथे दुसऱ्या दिवसाचा, पहिल्यापेक्षा चांगला मुहूर्त काढला. आम्ही मोटर उन्हात ठेवली, माझ्या भात्याने वारा घातला. त्या दिवशी माझ्या भात्याने खरोखर पुण्य कमावले. खड्डा सोनाजीनेच पुन्हा खणला. कोळसा-मीठ भरताना पुंडलिक त्याला म्हणाला, "मोज रे, तुहा खजिना कमी तं न्हाई झाला?" नवी तार बांधली, बल्ब पुन्हा लावून पाहिला, तो पेटला नाही. दुसऱ्या दिवशी हाळी गेली, "गरान लागलं होऽ!" आणि मी चाक धरले. दांडा त्या हंगामात तुटला नाही. पुढेही नाही, एवढे मी कबूल करतो.

उपकार मानायची आमच्या घराण्यात रीत नाही. मी पत्रा कापला, रिव्हेट मारून एक झारी केली, लांब नळीची, आणि त्याच्यासमोर ठेवली. "बादलीनं माती उडते," एवढेच म्हणालो. त्याने ती उलटसुलट केली, पाणी भरले, उचलली. बुडाच्या सांध्यातून धार लागली.

"जोड कोनाचा?"

"हातोडीचा. एकदम पक्का."

"गळते."

"पत्रा खराब आहे."

मला वाटले आता हा मशीनवर नेऊन माझा सांधा भरणार आणि जन्मभर ऐकवणार. मिशीला पीळ देत तो म्हणाला, "गळू दे. मातीवरच गळून राहिली. तिचं कामच ते."

त्या झारीनेच तो पाणी घालत राहिला, मळा सांभाळायला अमरावतीला कायमचा परत जाईपर्यंत. जाताना झारी माझ्या दारात ठेवून गेला. पुढे दसऱ्याच्या बाजारात झेंडू घेऊन येणाऱ्या त्याच्या पुतण्याने सांगितले, काका गेले. सकाळी वाफ्याला पाणी सोडून बांधावर बसले होते, पाणी जिरताना पाहत, ते तसेच.

आता माझ्या मुलाचे स्वतःचे वेल्डिंगचे दुकान आहे. मशीन नवी, सामान नवे. दुकानामागे विटांनी आखलेली हातभर जागा आहे आणि सकाळचे पाणी मी दुसऱ्या कोणाला घालू देत नाही. सून म्हणते, "मामंजी, झारी गळते, द्या ना यांच्याजवळ, एका टाक्यात जोडतील."

देत नाही. पत्रा खराब आहे, सांधा नाही.