पडद्याआडची पहिली काच

कॅन्सर तपासणीच्या कामात उमेदीची वर्षं घालवली म्हटलं की लोक एकदम आवाज खाली आणतात. त्यांना वाटतं, इथं नुसतं रडणंच असणार. रडणं होतंच, नाही म्हणत नाही. पण चार माणसं दहा वर्षं एकाच जीपमधून गावोगाव हिंडली की किस्सेही साठत जातात, आणि त्यातले निम्मे तर चारचौघांत सांगता येत नाहीत! जे सांगता येतात ते सांगतो.

चार माणसं म्हणजे डॉक्टर सुमती मॅडम, ड्रायव्हर गुलाबराव, आया शेवंताबाई आणि मी, लॅब टेक्निशियन. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यातून आम्ही दर बुधवारी एकेका गावाला जायचो. शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत पडदा बांधायचा. पडद्याआड मॅडम लाकडी चपट्या काडीनं गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी अलगद घेत, काचेच्या पट्टीवर पसरत आणि ती काच पडद्याखालून माझ्याकडे सरकवत. मी तिच्यावर नंबर कोरून ती स्पिरिटच्या बरणीत सोडायचो. परत आल्यावर काचा रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली पाहायच्या. गर्भाशयाच्या तोंडाचा हा कॅन्सर व्हायच्या आधी कित्येक वर्षं पेशी बदलायला लागतात. तेवढ्यात सापडलं तर बाई वाचते.

* * *

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरेबुवांनी विचारलं, "जावईबापू दिवसभर करतात काय?"

बायकांच्या तपासणीबद्दल होणाऱ्या सासऱ्यांना काय सांगणार? मी म्हणालो, "काचा पाहतो."

पहिल्या दिवाळीला गेलो तर सासूबाईंनी ओवाळायच्या आधी स्वयंपाकघरातली तडकलेली खिडकी दाखवली. मी निमूटपणे माप घेतलं, आर्वी नाक्यावरून काच कापून आणली आणि बसवून दिली. आजही ती शाबूत आहे.

* * *

शेवंताबाई बोरगाव मेघेच्या. घरी थोडी शेती, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. शिक्षण नाही, पण बायकांना बोलतं करावं ते त्यांनीच. मला त्या 'काचवाले भाऊ' म्हणत.

एकदा म्हणाल्या, "भाऊ, तुमी दिवसभर त्या नळीत डोया घालून काय पाहून राह्यले? मले दाखवा ना."

मी त्यांना स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग डोकं वर काढून माझ्याकडे मोठ्या काळजीनं बघितलं.

"निरे गुलाबी-निये ठिपके हायेत. यात तुमाले रोग दिसते?"

"दिसतो."

"घरी सांगता का असं?"

त्या दिवशी डब्यातली अर्धी भाकर त्यांनी मला जास्तीची दिली. माझं डोकं कामानं शिणलंय, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

* * *

गुलाबरावांच्या उजव्या हातावर तीन चामखिळी होत्या. त्यावर त्यांचा इलाज म्हणजे घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं. स्टेशनवरच्या टांगेवाल्याकडून ते केस आणायचे. असे मागणारे इतके होते की शेवटी टांगेवाला म्हणाला, "गुलाबभाऊ, माशा हाकलाले तरी काही ठेवा त्याच्यापाशी."

पुढं कधीतरी मॅडमनी परदेशी मासिकात वाचलेलं आम्हाला जीपमध्ये सांगितलं. चामखीळ ज्या विषाणूनं होते, त्याच्याच गोतावळ्यातले काही विषाणू या कॅन्सरच्या मुळाशी असावेत. आम्ही ऐकलं आणि विसरलो. गुलाबराव विसरले नाहीत.

आठवड्याभरानं शेवंताबाईंच्या लक्षात आलं की गुलाबराव डबा लांब बसून खातात, पाण्याचा गिलास वेगळा ठेवतात. जीपमध्ये खोदून खोदून विचारलं तेव्हा त्या आडदांड माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घरी पोरीले मांडीवर घेत नाई आठ दिवसांपासून. बायकोले हात नाई लावला. माह्यापासून त्यायले झालं तं?"

मॅडमनी जीप थांबवायला लावली. गुलाबरावांचा तोच हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "गुलाबराव, या विषाणूचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यांना नावं नाहीत, नुसते नंबर आहेत. हातापायांवर चामखीळ आणणारे वेगळे, ते तिथंच राहतात आणि बहुतेक वेळा आपणहून जातात. नाजूक जागी चामखीळ उठवणारे वेगळे, सहा आणि अकरा. ते त्रास देतात, पण त्यांच्यानं कॅन्सर सहसा होत नाही. ज्यांच्यावर संशय आहे ते सोळा आणि अठरा. तेसुद्धा बहुतेक बायकांच्या अंगातून निघून जातात. एखादीच्या अंगात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात, तिला आपण शोधायचं. तुमच्या हातावरचे हे सोळा-अठरा नाहीत. घरी जा आणि पोरीला मांडीवर घ्या."

त्या संध्याकाळी गुलाबरावांनी जीप अशी हाणली की मॅडमनाच म्हणावं लागलं, जरा हळू.

दोन महिन्यांनी चामखिळी आपोआप गेल्या. गुलाबराव म्हणाले, घोड्यानं नेल्या. मॅडम म्हणाल्या, "मग त्याला माझ्याकडे नोकरीला पाठवा."

* * *

पिपरी मेघेहून एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. तिला नाजूक जागी चामखिळी उठल्या होत्या. ती बिचारी मान वर करत नव्हती आणि हे दारातूनच मोठ्यानं विचारत होते, "मॅडम, हिनं हे कुठून आणलं, तेवढं फक्त सांगा."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे जोडप्यात एकमेकांना होतं. कुणाकडून कुणाला आलं, केव्हा आलं, हे कुणालाच सांगता येत नाही. अंगात वर्षं-वर्षं गप्प बसतं. तुम्ही पण आत या, तुम्हालाही तपासते."

गृहस्थ म्हणाले, चहा घेऊन येतो. अर्धा तास आले नाहीत. तेव्हा शेवंताबाई टपरीवर गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चाला भाऊ. बाई पडद्याआड जाऊन आली, तिले भेव नाई लागलं. तुमाले काऊन लागून राह्यलं?"

ते आले. दोघांनाही औषध लागलं. परत जाताना बायको पुढं चालत होती आणि पिशवी त्यांच्या हातात होती.

* * *

आता खरी गोष्ट. कुठल्याही गावात पहिली बाई पडद्याआड जायला तयार नसायची. चाळीस बायका जमायच्या आणि चाळीसही भिंतीला टेकून बसायच्या. त्यावर शेवंताबाईंनी एक युक्ती काढली होती. "पयले मी जातो," म्हणत त्या आत जायच्या. दोन मिनिटांनी पदर सावरत बाहेर यायच्या आणि सांगायच्या, "झालं वो माय. मुंगीही नाई चावत." मग एकेक बाई उठायची.

आत त्या काय करायच्या? मॅडमशेजारी उभं राहून घोटभर पाणी प्यायच्या. बस्स. मॅडम अधूनमधून म्हणत, "शेवंताबाई, एकदा खरंच होऊन जाऊ द्या." त्या म्हणत, "मले काय होते मॅडम? मी तं रोजच इथं हावो." पाच वर्षं असं चाललं, आणि सांगायला लाज वाटते, पण आम्हाला तिघांनाही ती गंमतच वाटायची.

नालवाडीच्या कॅम्पात पार्बताबाई नावाची माळीण आली होती. वांगी, मेथी पिकवून बाजारात विकणारी, साठीची. ती माझ्या टेबलासमोरच बसली होती. सहा बायका झाल्यावर उभी राहिली आणि बरणीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "भाऊ, सात जणी आत गेल्या. काचा सहाच कशा?"

मी शेवंताबाईंकडे बघितलं. त्या पडद्याकडे बघत होत्या.

"पयली गेलती त्या बाईची काच कुठी हाये?" पार्बताबाई म्हणाली. "आमाले सांगून राह्यली काही होत नाई, अन् सोताची काच नाई?"

बसलेल्या बायका पिशव्या उचलायला लागल्या. शेवंताबाईंचा चेहरा पडला. मग त्या आत गेल्या. या वेळी वेळ लागला. पडद्याखालून काच आली तेव्हा मॅडमचा आवाज आला, "हिला एक नंबर द्या."

एक नंबर आधीच देऊन झाला होता. मी शून्य कोरलं. पार्बताबाईनं काच बरणीत पडलेली पाहिली आणि मग स्वतः आत गेली.

* * *

त्या आठवड्यात मी काचा पाहायला बसलो. एरवी मला नाव माहीत नसतं, नुसता नंबर. शून्य नंबर मी शेवटी ठेवला होता.

तीनदा पाहिला. उठून पाणी प्यायलो, परत पाहिला. पेशींची केंद्रकं मोठी झाली होती, गडद, वेडीवाकडी. कॅन्सर अजून नव्हता, पण फार लांबही नव्हता. शेजारच्या खोलीत शेवंताबाई काचांच्या पेट्या पुसत होत्या आणि गुलाबरावांच्या पोरीबद्दल काहीतरी सांगून हसत होत्या. मला रडू आलं.

मॅडमनी त्यांना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "भेव लागे, म्हणून करत नोती मी." पंधरा दिवसांत गर्भाशयाची पिशवी काढली. तपासणीत निघालं की रोग आतपर्यंत गेलेला नव्हता.

वॉर्डात पहिली भेटायला आली ती पार्बताबाई. टोपलीभर वांगी घेऊन. दोघी काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही, कारण आम्ही डोकावलो तेव्हा दोघी नुसत्या हात धरून बसल्या होत्या.

कामावर परतल्यावर शेवंताबाई लॅबमध्ये आल्या. "भाऊ, माही काच मले द्या."

"कशाला?"

"द्या ना."

नियमात बसत नव्हतं. मॅडमनी नियमाकडे पाठ फिरवली आणि मी काच दिली.

* * *

पुढच्या बुधवारी कॅम्प बोरगाव मेघेला, शेवंताबाईंच्याच गावात. बायका भरपूर जमल्या, पण रोजच्यापेक्षा जास्त आखडून बसल्या. ऑपरेशनची बातमी आधीच पोचली होती. कुणीतरी कुजबुजलं, तपासलं म्हणूनच तर तिला रोग निघाला.

शेवंताबाई या वेळी पडद्याआड गेल्या नाहीत. पदराची गाठ सोडली, काच काढली आणि पुढं बसलेल्या शेजारणीच्या हातात दिली. "हे पाय. ही माही."

शेजारणीनं काच उजेडात धरली. उलटीसुलटी केली. मागच्या दोघी-तिघी तिच्या खांद्यावरून वाकल्या.

"शेवंता, यात तं काहीच दिसत नाई."

"मलेबी नोतं दिसलं, माय," शेवंताबाई म्हणाल्या. काच परत घेतली, गाठीला बांधली आणि एका हातानं पडदा वर धरला. "चाल, ऊठ."