तिसऱ्यांदा विचारावं

मुलांनो, न पाहिलेल्या मुलखावर माणसाने किती प्रेम करावं, याची हद्द आमच्या परतूरच्या फारसीच्या मास्तरांनी केली होती. माझ्या वडिलांचे हे मित्र औरंगाबादच्या पलीकडे कधी गेले नव्हते. पण इराणातल्या इस्फहान शहराच्या चौकात निळ्या घुमटाची मशीद कुठे आणि तिच्यासमोर बाजाराची कमान कुठे, हे डोळे मिटून सांगत. परतूरच्या कापूसबाजाराची वाट मात्र हमखास चुकत. चहा इराणी रिवाजाने, साखरेचा खडा दातांत धरून प्यायचा. खडा मिळाला नाही तर गूळ.

सगळ्यांत अवघड त्यांची अदब. इराणात म्हणे कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. वाटूरच्या एका लग्नात ते भातापासून जिलेबीपर्यंत सगळ्याला "नको" म्हणाले आणि वाढपी दर वेळी सरळ पुढच्या पानाकडे गेला. तसेच उपाशी आमच्याकडे येऊन म्हणाले, "वहिनी, लोकांना विचारताच येत न्हाई!" आईने हसत तीनदा विचारलं, तेव्हा भाकरी खाल्ली.

मला औरंगाबादला शिकायला ठेवावं असं वडिलांना फार वाटे, पण आजोबांपुढे त्यांचा आवाज फुटेना. ते काम मास्तरांनी अंगावर घेतलं.

"पोरीला धाडायचं न्हाई. बिलकुल न्हाई," आजोबा म्हणाले. मास्तर छातीवर हात ठेवून लवले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आजोबा कडाडले, "मास्तर, तुम्हाला न्हाई म्हणलेलं कळतं का न्हाई?"

"कळतं, तात्या. पण आधीचे दोन नकार मी अदबीचे धरले. आता बोलाल तो खरा. मंग मी पुन्हा येणार न्हाई."

दाराआड मी उभी होते. आजोबांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "राहील कुणाकडं?"

"माझ्या बहिणीकडं."

माझं सगळं इंग्रजी, माझी नोकरी, त्या एका प्रश्नातून निघाली.

मला पोचवायला मास्तर स्टेशनवर आले होते. डब्याच्या खिडकीतून मी लाडू पुढे केला. "नको, बेटी." पुन्हा दिला. "नको, नको." मी तिसऱ्यांदा हात बाहेर काढला आणि गाडी हलली. मास्तर हात पुढे करून दोन पावलं धावले, पण लाडू माझ्याच हातात राहिला. सुट्टीत मी परत आले तेव्हा मास्तर या जगात उरले नव्हते.

म्हणून फोनवर तुम्ही "नको आजी, काही पाठवू नकोस" म्हणता, तरी मी विचारत राहते. तेवढं चालवून घ्या.