भिंतीवरची वाकळ

आमच्या हॉलची एक अख्खी भिंत मी वाकळीसाठी अडवली, आणि त्या भिंतीएवढा मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

वाकळ म्हणजे गोधडी. बेळगावात आमच्या शेजारच्या बाई तिला कौदी म्हणतात. खानापूरकडच्या आमच्या गावात आई वाकळा शिवायची त्या जमिनीवर पसरून, एका कोपऱ्यापासून धरून, हाताला येईल तो तुकडा लावत. मी मात्र शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून शहाणी झाले. तिकडे परदेशातल्या बाया म्हणे आधी सगळे तुकडे भिंतीवर मांडतात, लांबून बघतात, रंग जुळले की मगच सुई हातात घेतात. मलाही तशी भिंत हवीशी झाली. गणपतीच्या सजावटीतून उरलेले थर्माकोलचे दोन मोठे तक्ते काढले, लहान मुलांची दुपटी करतात तसलं मऊ फ्लॅनेल त्यांवर ताणून बसवलं आणि तक्ते भिंतीला ठोकले. त्या कापडाला अशी लव असते की सुती तुकडा नुसता तळव्याने दाबला तरी चिकटून राहतो. नवरा म्हणाला, "भिंतीला थंडी वाजत होती काय?" त्या दिवशी मी त्याला दुपारचा चहा दिला नाही.

दिवाळीला आई आली ती साड्यांचं गाठोडं घेऊन. जन्मभर ती इथल्याच, बेळगावातल्या शहापूरच्या मागावरच्या साड्या नेसली. नेसून नेसून त्या अशा मऊ झाल्या होत्या की हातात धरल्या तरी कळू नये.

"ह्यांची एक वाकळ कर मला," ती म्हणाली. "थंडीच्या आत. मला आता सुईत दोरा ओवाय येत न्हाय."

तिची खाट हॉलमध्येच घातली, भिंतीच्या समोर. मी साड्यांचे चौकोन कापले आणि भिंतीवर मांडायला लागले. लाल इथे, हिरवा तिथे. चार पावलं मागे जायचं, डोळे बारीक करून बघायचं, पुन्हा बदलायचं. फोटो काढून मोबाईलवरच्या गोधडीवाल्या बायकांच्या ग्रुपवर टाकायचे. तिथल्या बायका अंगठे आणि फुलं पाठवायच्या, कुणीतरी म्हणायचं की उजवीकडे गडद जास्त झालंय, की मी पुन्हा सगळं उतरवायची. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली होती. तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली लावल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या हाताला चांगलं म्हणत होतं.

आई खाटेवरून बघत बसायची. पायांवर शाल, शालीवर माझा स्वेटर.

"कवा शिवणार गं?"

"जमलं की. अजून रंग बसत नाहीत."

"अंधारात रंग दिसत्यात व्हय? थंडीला काय कळतंय लाल न् हिरवं?"

मी हसले. तिला यातलं काय कळतंय, असं माझ्या मनात आलं.

मार्गशीर्षात एका दुपारी मी हिरव्या तुकड्यासाठी शहापुरात गेले. मला एक विशिष्ट हिरवा कमी पडत होता. चार शिंप्यांकडे फिरले, चिंध्यांची पोती उपसली आणि हात हलवत परत आले. दारातून बघते तर भिंतीची खालची ओळ रिकामी. आई जमिनीवर बसली होती. स्वतःचं एक जुनं लुगडं तिने घडी करून पसरलं होतं आणि हात पोचला तेवढे अकरा तुकडे उतरवून, कोपऱ्यापासून धरून, तिच्या रीतीने त्यावर शिवत होती. शेजारी चार सुया ओवून ठेवलेल्या. त्या माझ्या नवऱ्याने ओवून दिल्या होत्या.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. महिनाभराची मांडणी बिघडवलीस, तुला दम निघत नाही, असं बरंच. मग तिच्यासमोर बसून ब्लेडने टाके उसवायला घेतले. पहिल्याच कोपऱ्यातून भाकरीचा वाळका तुकडा पडला. वाकळ पुरी झाली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास ठेवून तो कोपरा शिवायचा, अशी आमच्याकडची रीत. वाकळ उपाशी राहू नये म्हणून.

"घास शेवटी घालतात, तेवढंही विसरलीस?" मी म्हणाले, आणि मुंग्या होतील म्हणून तो केराच्या डब्यात टाकला. मग मोबाईलमधला फोटो बघून अकरा तुकडे होते तिथे परत लावले. हातातली सुई आईने रिळात खोचून ठेवली.

दोन दिवसांनी ती अण्णाकडे, म्हणजे माझ्या मोठ्या भावाकडे, गावी गेली. मी थांब म्हणाले, पण फारसं नाही. समोर ती नसली तर शांतपणे मांडणी करता येईल, असं मला वाटलंच होतं.

अण्णाने तिला खानापूरच्या बाजारातून गुळगुळीत, फुलाफुलांचं ब्लँकेट आणून दिलं. फोनवर ती म्हणाली, "लई हलकं हाय गं. अंगावर हाय का न्हाय कळतच न्हाय." मी म्हणाले, होतच आलंय, संक्रांतीला वाकळ घेऊन येते. संक्रांतीच्या आधीच अण्णाचा फोन आला. पहाटे चहा द्यायला गेला, तेव्हा ब्लँकेट खाली घसरलेलं होतं.

बाराव्याचं आटोपून परत आलो, तेव्हा नवरा भिंतीसमोर उभा राहून म्हणाला, "त्या दिवशी मी विचारलंतं त्यांना, घास पहिल्याच कोपऱ्यात कसा म्हणून. तर म्हणाल्या, शेवटचा कोपरा माझ्या हाताला गावंल काय, म्हणून आधीच घातला."

"मग मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू ऐकत होतीस व्हय?"

तुकडे अजून भिंतीवर आहेत. मांडणी आता चांगली जमली आहे, हिरवाही मिळाला. खालच्या ओळीतल्या अकरा तुकड्यांवर आईच्या सुईची भोकं आहेत, जवळून बघितलं तर दिसतात. परवा शेजारच्या बाई आल्या होत्या. भिंतीकडे बघत चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "लई भारी दिसतंय हो. पांघरायला काढू नका, मळंल."

"नाही काढत," मी म्हणाले. "जिला थंडी वाजत होती ती गेली."